गच्चीवर मका: स्वीट कॉर्नचं कोणतं बियाणं, आणि मुंबईत पेरायचं कधी?

मुलुंडची_माळीण | ३ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीने यंदा गच्चीचा एक कोपरा भाजीपाल्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे (दोन वार्षिक सभा आणि बरीच भांडणं झाल्यावर!). जागा साधारण बारा फूट बाय दहा फूट. ऊन सकाळी आठपासून चारपर्यंत नक्की. हिवाळ्यातली मेथी, मुळा, पालक संपत आलेत. आता उन्हाळी लागवड करायची आहे. भेंडी, गवार, चवळी, काकडी ठरलेलं आहे, पण बच्चेकंपनीला हवाय स्वीट कॉर्न.

माझी नणंद अमेरिकेत ओहायोला असते. तिच्या परसात दरवर्षी मका असतो. तिने 'सिल्व्हर क्वीन' आणि 'गोल्डन बँटम' ही नावं सुचवली, शिवाय फेब्रुवारीत येताना बी घेऊन येते म्हणाली. तिच्याकडे गोठणारी थंडी संपल्यावर, मे महिन्यात पेरतात. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापड वाळवतात. मग मुंबईचा 'वसंत' धरायचा कधी? कुंडीत मका येतो का? भायखळ्याच्या दुकानात विचारलं तर त्यांनी गुलाबी रंगाचं बी पुढे केलं आणि म्हणाले, "अमेरिकन मका, घेऊन जा." एवढीच माहिती!

कोपऱ्यातली_तुळस | ३ जानेवारी, रात्री १०:४०

धागा वाचतेय. माझ्याकडे फक्त दक्षिणेची गॅलरी आहे, तीन फूट रुंद. मका येईल का तेही सांगा कोणीतरी.

सोमण_काका | ४ जानेवारी, सकाळी ६:५५

भाजी मंडईत तीस-चाळीस रुपयांत सोललेलं कणीस मिळतं. एवढा उपद्व्याप कशाला?

मुलुंडची_माळीण | ४ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, मुलांना मका झाडाला लागतो हे दाखवायचंय. परवा धाकट्याने विचारलं, की स्वीट कॉर्न कपातच येतो का.

गच्चीवरचा_गणपत | ४ जानेवारी, सकाळी ९:३०

माळीणताई, एकेक घेऊ. आधी हवामान, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

नणंदबाईंची अडचण गार मातीची. मक्याचं बी साधारण १५-१६ अंशांखाली धड उगवत नाही, आणि अतिगोड जातींचं बी तर आणखी ऊब मागतं. गार ओल्या मातीत ते कुजून जातं. म्हणून तिकडे सगळे माती तापायची वाट बघत बसतात. आपल्या गच्चीवर ऐन जानेवारीतही मातीला पुरेशी ऊब असते. त्यामुळे तिकडचा सल्ला इथे उलटा वाचायचा: आपल्याला पेरणीच्या दिवसाची चिंता नाही, तुरा बाहेर पडेल त्या आठवड्याची आहे.

मक्याचं परागीकरण वाऱ्यावर होतं. शेंड्याला नर तुरा, खाली कणसाच्या टोकाला केस. प्रत्येक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही तो दाणा भरत नाही. परागकण तासा-दोन तासांचे सोबती, आणि पारा ३५-३६च्या पुढे जाऊन हवा कोरडी झाली की ते आणखी लवकर निकामी होतात. केसही सुकतात. मग कणीस वरून धष्टपुष्ट आणि सोलल्यावर बोळक्या आजोबांसारखं.

मुंबईत असे दिवस मे महिन्यात कमी आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जास्त येतात. मे दमट असतो, घाम काढतो, पण पारा बहुतेक ३३-३४ला अडकतो. मार्चमध्ये जमिनीवरून पूर्वेचा कोरडा वारा सुटला आणि खारा वारा दुपारपर्यंत आलाच नाही, की एकदम ३८-३९. सांताक्रूझला मार्चमधला उच्चांक ४१.७ अंश आहे, २८ मार्च १९५६चा.

आपल्याकडे मिळणाऱ्या स्वीट कॉर्नला पेरल्यापासून तुरा यायला ४५ ते ५५ दिवस लागतात, त्यानंतर केस, आणि केस आल्यापासून वीसेक दिवसांत कणीस तयार. आता करा उलटा हिशोब. संक्रांतीच्या आसपास पेरलंत तर तुरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि कणीस मार्चअखेरीस. त्यामुळे फेब्रुवारीत येणाऱ्या बियाण्याची वाट बघू नका.

बोरिवली_बागवान | ४ जानेवारी, दुपारी १:१५

गणपतराव, इथे थोडा मतभेद. मार्चमध्येच उन्हाचे झटके येतात असं म्हणता आणि तुराही मार्चमध्येच आणता? मी तर १५-२० फेब्रुवारीला पेरतो. तुरा एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो. तोवर खारा वारा लवकर सुरू होतो, हवेत दमटपणा असतो, केस सुकत नाहीत. शिवाय जानेवारीतल्या थंड रात्रींत रोपं नुसती उभी राहतात, वाढत नाहीत.

गच्चीवरचा_गणपत | ४ जानेवारी, दुपारी २:०५

तुमचं म्हणणं चूक नाही. मार्च हा जुगारच आहे, पहिला आठवडा त्यातल्या त्यात बरा एवढंच. पण फेब्रुवारीच्या मध्यावर पेरलं तर कणीस निघणार मेच्या सुरुवातीला. शाळांना सुट्टी लागली की निम्मी मुंबई गावाला. मक्याला दाणे भरताना रोज पाणी लागतं, कुंडीत तर दोनदा. ते घालणार कोण? वॉचमन? त्यातच पाणीकपात जाहीर झाली तर सोसायटी पहिला नळ गच्चीचाच बंद करते.

तुम्ही बोरिवलीला राहता, मागे जंगल, रात्रीचा गारवा दक्षिण मुंबईपेक्षा जास्त. तिथे तुमचा फेब्रुवारी चालत असेल. मुलुंडचंही साधारण तसंच, हे मान्य. माळीणताईंनी मे महिन्यात कोण घरी असणार ते बघून ठरवावं.

मुलुंडची_माळीण | ४ जानेवारी, दुपारी ३:३०

आम्ही ५ मेला चिपळूणला. म्हणजे संक्रांतच!

पेशाने_सेक्रेटरी | ४ जानेवारी, रात्री ८:४५

मका राहू द्या, आधी वजनाचं बोला. मी आमच्या सोसायटीत गळतीच्या तक्रारी ऐकतो म्हणून सांगतो. वीस लिटरच्या रंगाच्या बादलीत साधी लाल माती भरून पाणी घातलं की तीस किलोच्या घरात जाते. अशा पंचवीस बादल्या एका कोपऱ्यात म्हणजे पाऊण टन. जुन्या इमारतीत आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, आणि बादल्या मधोमध न मांडता खाली तुळई असेल त्या रेषेवर मांडा. प्रत्येक कुंडीखाली विटा ठेवा, पाणी वाहून गेलं पाहिजे. वॉटरप्रूफिंगवर ओल साचून राहिली की खालच्या मजल्यावरचा माणूस तुमच्या मक्याला शिव्या देणार.

दादरची_दमयंती | ४ जानेवारी, रात्री ९:३०

वजनावर उपाय: मासळी बाजारातले थर्माकोलचे खोके! कोळणी किंवा घाऊक विक्रेते रिकामे खोके टाकूनच देतात. साबणाने दोनदा धुवायचे, दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवायचे, वास जातो (मांजरं तरी येऊन हुंगतात, त्याला इलाज नाही). तळाला बोटाएवढी सात-आठ भोकं पाडायची. खोक्याला वजन जवळजवळ नाही, आणि थर्माकोलमुळे उन्हात मुळं भाजत नाहीत. काळ्या ग्रो बॅगेत मार्चच्या दुपारी हात घालून बघा म्हणजे फरक कळेल.

भरताना निव्वळ माती नको. मी तळाला वाळलेला पाला आणि उसाची चिपाडं घालते (रसवाल्याकडून फुकट), वर कोको पीट, गांडूळखत आणि थोडी माती, मूठभर नीमपेंड. फूटभर खोली मक्याला पुरते. बहुतेक मुळं वरच्या थरातच पसरतात.

गच्चीवरचा_गणपत | ५ जानेवारी, सकाळी १०:१०

दमयंतीताई, खोक्यांचं एकदम पटलं. चिपाडांवरून आठवलं, मुंबईत गच्चीवर पालापाचोळा आणि उसाच्या चिपाडांवर भाजी पिकवायचं वेड शहरी शेतीचे प्रयोग करणाऱ्या डॉ. दोशींनी लावलं. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचंही तेच सांगणं होतं: माती विकत आणू नका, पाल्यापासून तयार करा. फक्त ताजी चिपाडं कुजताना नत्र ओढून घेतात आणि मका नत्राचा अधाशी. म्हणून मक्याच्या खोक्यात अर्धवट कुजलेलीच चिपाडं वापरा, नाहीतर रोपं पिवळी पडतील.

आता जाती. थोडं लांबेल.

'स्वीट कॉर्न' या एका नावाखाली वेगवेगळे प्रकार येतात, आणि पाकिटावर ते सहसा लिहिलेले नसतात. जुना गोड मका म्हणजे शर्करायुक्त. त्यात एका जनुकातल्या बदलामुळे साखरेचं पिठात रूपांतर मंदावतं. गोल्डन बँटम याच गटातला, १९०२ साली अमेरिकेत बर्पी या बियाणे कंपनीने बाजारात आणला. त्याआधी तिकडे गोड मका पांढराच हवा आणि पिवळा म्हणजे जनावरांचा, अशी समजूत होती. ती मोडायला या जातीचा मोठा हातभार लागला. सिल्व्हर क्वीनही याच गटातला, पांढरा, उंच आणि उशिराचा, तीन महिन्यांच्या आसपास घेणारा. चव सुंदर, दाणा मऊ, दुधाळ. दुखणं एकच: तोडल्यावर साखर झपाट्याने पीठ होते. साध्या तापमानात एका दिवसात निम्म्याच्या आसपास गोडी जाते. 'आधी पाणी उकळत ठेवा, मग कणीस तोडायला जा' असं म्हणतात ते याच मक्याबद्दल.

दुसरा गट अतिगोड. १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांच्या लक्षात आलं, की एका वेगळ्या जनुकामुळे सुरकुतणाऱ्या दाण्यात साखर कितीतरी जास्त असते आणि ती तोडल्यावरही टिकते. आज मुंबईत गाडीवर, मॉलमध्ये, लोणी-मसाला लावून कपात मिळतो तो बहुतेक याच गटातला. याचं बी हातात घेतलं की ओळखू येतं: चिमलेलं, हलकं, चपटं. त्यात पिठाचा साठाच कमी, त्यामुळे कोंब अशक्त. खोल पेरू नका, पाऊण इंच बास. रात्रभर भिजत घालू नका, हे बी पाणी पिऊन कुजतं. एका जागी दोन टोका आणि नंतर एक ठेवा.

या दोहोंच्या मध्ये 'शर्करावर्धित' असा आणखी एक गट अमेरिकेत परसबागवाल्यांचा लाडका आहे. आपल्या बाजारात त्याचं नाव फारसं ऐकू येत नाही, म्हणून सोडून देतो.

आपल्याकडे काय मिळतं? 'शुगर ७५' आणि 'हाय-ब्रिक्स'च्या जाती संकरित आणि गोड, शेतकरी सर्वात जास्त तेच लावतात. 'माधुरी' आणि 'प्रिया' या हैदराबादच्या संमिश्र जाती, कणीस थोडं लहान, गोडी बरी. राहुरी कृषी विद्यापीठाचा 'फुले मधू' आहे. मला विचाराल तर पहिल्या वर्षी डोळे मिटून शुगर ७५ घ्या. झाडं एकसारखी वाढतात, तुरे एकाच आठवड्यात येतात, आणि थोडक्या झाडांत तेच महत्त्वाचं. माधुरीची हौस दुसऱ्या वर्षी करा.

आणि ते गुलाबी बी म्हणजे बुरशीनाशक चोळलेलं. मुलांच्या हातात देऊ नका, पेरल्यावर हात साबणाने धुवा, उरलेलं कबुतरांना टाकू नका.

मुलुंडची_माळीण | ५ जानेवारी, सकाळी ११:००

केवढं लिहिलंत! मग नणंदेच्या बियांना नको म्हणू?

प्रयोगशाळेतली_पमा | ५ जानेवारी, सकाळी ११:४०

नकोच म्हणा. चवीचा प्रश्न नंतरचा, परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि तिकडच्या खात्याचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पर्समधून पाकीट आणणं कायद्यात बसत नाही, आणि त्याला कारण आहे. बियांवर रोग-किडी येतात.

शिवाय मका वाढीचा टप्पा कॅलेंडर बघून गाठत नाही, मिळालेल्या उष्णतेवर गाठतो. ओहायोत नव्वद दिवस घेणारी जात इथे लवकर तुऱ्यावर येईल, झाड बुटकं राहील आणि कणीसही लहान.

कोपऱ्यातली_तुळस | ५ जानेवारी, दुपारी १२:१०

माझ्या गॅलरीचं कोणीच सांगितलं नाही :(

प्रयोगशाळेतली_पमा | ५ जानेवारी, दुपारी १२:५५

तुळस, मी सांगते, पण आवडणार नाही.

आत्ता जानेवारीत तुझ्या दक्षिणेच्या गॅलरीत दुपारभर ऊन आतपर्यंत येत असेल, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला आहे. मुंबईत मध्यान्हीला तो आत्ता साधारण ५० अंशांवर असतो. २१ मार्चला ७१ अंशांवर जाईल, आणि १५ मेच्या सुमारास बरोब्बर डोक्यावर, तो आपला शून्य सावलीचा दिवस. म्हणजे वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली दर आठवड्याला पुढे सरकणार. मार्चअखेरीस कठड्यालगतची पट्टी तेवढी उन्हात राहील, एप्रिलअखेरीस तीही जेमतेम. मक्याला सहा-सात तास थेट ऊन हवं आणि सर्वात जास्त गरज दाणे भरताना. नेमकं तेव्हाच तुझ्याकडे ते नसेल. जूनमध्ये तर सूर्य आपल्या उत्तरेला असतो.

तू मायाळू, तांदुळजा, पुदिना लाव. अर्ध्या उन्हात छान येतात. अगदी मक्याचीच हौस असेल तर मक्याचे कोवळे अंकुर किंवा बेबी कॉर्न कर. बेबी कॉर्नला परागीकरण नकोच असतं, केस बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत तोडायचं.

कोपऱ्यातली_तुळस | ५ जानेवारी, दुपारी १:०५

आठ वर्षं याच घरात राहते आणि उन्हाळ्यात पुदिना जोरात का येतो ते आज कळलं. बेबी कॉर्न फायनल.

बोरिवली_बागवान | ५ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

माळीणताई, मांडणी चुकवू नका. गच्चीच्या कठड्याला लागून एका ओळीत बारा कुंड्या दिसतात छान, पण पराग वाऱ्याने सरळ शेजारच्या इमारतीत. मका चौकोनात लावायचा. निदान चार बाय चार. दोन झाडांत आठ-नऊ इंच, दोन ओळींत दीड फूट. खोके एकमेकांना चिकटवून ठेवा. सोळापेक्षा कमी झाडं लावणार असाल तर मका लावूच नका, भेंडी लावा. एका झाडाला एक चांगलं कणीस, दुसरं आलं तर आलं. सोळा झाडं म्हणजे सोळा कणसं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

अंधेरीचा_अण्णा | ५ जानेवारी, रात्री ११:२०

एक कोडं. आमच्या गच्चीवर मागच्या वर्षी एका बाजूला आमचा स्वीट कॉर्न होता आणि दुसऱ्या टोकाला शेजाऱ्यांनी गावाहून आणलेला देशी मका. दोघांचाही तुरा एकदम आला. आमच्या कणसात मधेमधे फुगीर, टणक, पिठूळ दाणे निघाले. बी भेसळीचं होतं म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. खरं काय असेल?

प्रयोगशाळेतली_पमा | ६ जानेवारी, सकाळी ८:१५

बी ठीकच असणार. शेजाऱ्यांच्या मक्याचा पराग तुमच्या केसांवर पडला. आपण दाण्यातला जो भाग खातो, त्यात आईचा आणि बापाचा दोघांचा वाटा असतो. गोडीचं जनुक अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसणारं), म्हणून देशी परागाने तयार झालेला दाणा त्याच कणसात, त्याच हंगामात पिठूळ होतो. आंब्यासारखं पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही.

यातली गंमत म्हणजे जुना गोड मका आणि अतिगोड मका शेजारी लावले तरी हेच होतं. दोन्ही गोड, पण गोडीची जनुकं वेगळी. एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि दाणा पुन्हा पिठूळ! म्हणून एका गच्चीवर एकच जात. दोन हव्याच असतील तर पेरणीत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, म्हणजे तुरे एकत्र येणार नाहीत.

सोमण_काका | ६ जानेवारी, सकाळी ८:५०

देशी मक्याला नावं ठेवू नका. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून लिंबू-तिखट चोळायला तोच लागतो. तुमचा गोड मका भाजला की मनुक्यासारखा आकसतो. मक्याचा कीसही देशीचाच करावा.

मुलुंडची_माळीण | ६ जानेवारी, सकाळी ९:३०

काका, कीस करायला तुमच्याकडेच येऊ. बरं, बाकी भाज्यांचं सांगा. भेंडी-गवार-चवळी-काकडीच्या जाती?

दादरची_दमयंती | ६ जानेवारी, सकाळी १०:४५

भेंडी: परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. दोन्ही केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग) बऱ्यापैकी दाद देत नाहीत, आणि उन्हाळी भेंडीचं मरण केवड्यातच असतं. तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा.
गवार: पुसा नवबहार. काही कौतुक करावं लागत नाही.
चवळी: दापोलीची कोकण सदाबहार. बुटकी, मांडव नको, दोन महिन्यांत शेंगा.
काकडी: शीतल (हीही दापोलीची) किंवा राहुरीची हिमांगी. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमी फिरकतात, तेव्हा सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवा. दुधी लावलात तर हेच काम संध्याकाळी करायचं, त्याची फुलं तेव्हा उमलतात.

कोथिंबीर-पालकाचा नाद मार्चनंतर सोडा, फुलावर जातात. टोमॅटो नव्याने लावू नका, रात्री तापल्या की फुलं गळतात.

अंधेरीचा_अण्णा | ६ जानेवारी, सकाळी ११:३०

मक्यावर वेलाचा घेवडा चढवायचा आणि खाली भोपळा सोडायचा, अमेरिकेतले मूळ रहिवासी करायचे म्हणे. गच्चीवर घेवड्याऐवजी चवळी लावून जमेल?

गच्चीवरचा_गणपत | ६ जानेवारी, दुपारी १२:२०

त्यांचा मका उंच आणि वाळेपर्यंत शेतात उभा राहणारा. आपण कोवळं कणीस तोडून ताटं मार्चअखेरीस उपटणार, तेव्हा चवळी नुकती फुलावर येत असेल. फूटभर मातीत तिघं जेवायला बसले की तिघंही उपाशी. बुटकी चवळी शेजारच्या खोक्यात लावा.

मुलुंडची_माळीण | १५ जानेवारी, सायंकाळी ७:००

काल तिळगूळ वाटून झाल्यावर पेरणी केली! सहा खोके, प्रत्येकात चार जागा, शुगर ७५. इंजिनिअर येऊन तुळईच्या खुणा करून गेले. सेक्रेटरीसाहेब, तुमचं नाव काढलं.

मुलुंडची_माळीण | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१५

रोपं गुडघ्याच्या खाली आहेत, पण पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) भुसा पडल्यासारखं दिसतंय आणि पानांवर ओळीने भोकं. काही पानं नुसती खरवडलेली, काचेसारखी पारदर्शक. काय आहे हे?

बोरिवली_बागवान | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२५

लष्करी अळी. आत्ताच्या आत्ता बॅटरी घेऊन वर जा, ती रात्री बाहेर येते.

गच्चीवरचा_गणपत | ९ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बागवान बरोबर. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय' आणि शेपटाकडे चौकोनात चार ठिपके दिसले की नक्की तीच. मूळची अमेरिकेतली, भारतात २०१८ साली पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि पुढे देशभर पसरली. पतंग लांब उडतात, त्यामुळे बाराव्या मजल्यावरही सुटका नाही.

चोवीस झाडांना फवारणी कशाला? प्रत्येक पोंगा उघडून अळी चिमट्याने काढा, साबणाच्या पाण्यात टाका. पानांवर मळकट लोकरीने झाकल्यासारखे अंड्यांचे पुंजके दिसतील ते चिरडा. मग पोंग्यात चिमूट-चिमूट बारीक वाळू आणि राख टाका. दर दोन दिवसांनी फेरी मारा. फारच झालं तर निंबोळी अर्क, १५०० पीपीएम, लिटरला ५ मिली, संध्याकाळी थेट पोंग्यात. पोंगा शाबूत राहिला तर पानांची भोकं झाड विसरून जातं.

आणि आता खताचं बघा. खालच्या पानांच्या टोकापासून मधल्या शिरेने आत पिवळेपणा सरकत असेल तर नत्र कमी आहे. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवा, दहापट पाण्यात पातळ करून द्या. पुन्हा तुरा डोकावला की द्या. बुंध्याशी मातीची भर लावा, जमिनीवरून फुटणारी आधारमुळं त्यात शिरली की झाड वाऱ्याने लोळत नाही. बाजूचे फुटवे कापू नका, त्याने काही फायदा होत नाही.

मुलुंडची_माळीण | १० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

एकोणीस निघाल्या. मुलांनी मोजल्या, शाळेत सांगणार आहेत म्हणे.

मुलुंडची_माळीण | ६ मार्च, सकाळी ८:०५

तुरे आले! केस दोन दिवसांपूर्वीपासून, फिकट हिरवे. हवामान खात्याने उद्या-परवा ३७ सांगितलंय. काही करता येईल का?

प्रयोगशाळेतली_पमा | ६ मार्च, सकाळी ८:२०

वाऱ्यावर सोडू नका. दव सुकलं की, आठ-साडेआठला, कागदी पिशवीत तुरा वाकवून झटका. पिवळी धूळ जमेल. वेगवेगळ्या झाडांची एकत्र करा आणि लगेच सगळ्या केसांवर भुरभुरा. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम सुटतो. केस वाढतच राहतात आणि सगळे एकदम बाहेर पडत नाहीत, म्हणून चार-पाच दिवस रोज करा. ऊन वाढायच्या आत आटपा.

दिवसातून एकदाऐवजी दोनदा पाणी, आणि दक्षिण-पश्चिमेला जुनी साडी किंवा हिरवी जाळी बांधा. पाणी मातीत घाला. तुऱ्यावर फवारू नका, पराग धुऊन जाईल.

दादरची_दमयंती | ६ मार्च, सकाळी ९:१०

केस तपकिरी होऊन सुकले की कणसांना कांद्याच्या जाळीच्या पिशव्या बांधा. पोपटांचा थवा आला तर सकाळी सहाला येतो आणि सव्वासहाला काही उरत नाही. त्याआधी बांधू नका, पराग अडेल.

मुलुंडची_माळीण | २५ मार्च, रात्री ८:००

केस सुकलेत. तोडायचं कधी हे कसं ओळखू? सोलून बघितलं तर वाया जाईल ना?

गच्चीवरचा_गणपत | २५ मार्च, रात्री ८:३५

टोकाकडे हाताने चाचपा, निमुळतं लागलं तर थांबा, बोथट आणि भरलेलं लागलं तर तयार. खात्री हवी तर टोकाशी थोडं पान बाजूला करून एका दाण्यात नख रुतवा. पाण्यासारखा रस आला तर दोन-तीन दिवस थांबा. दूध आलं, म्हणजे दाणा चिकात आहे, तर तोडा. लापशीसारखं घट्ट आलं तर उशीर झाला. पान परत नीट मिटवून रबर लावा. सकाळी तोडा, खाली पिरगाळून ओढलं की सुटतं. अतिगोड जात असल्यामुळे फ्रिजमध्ये सालासकट चार-पाच दिवस राहतं.

मुलुंडची_माळीण | २९ मार्च, दुपारी १:४०

चोवीस झाडांपैकी बावीसला कणसं. चौदा पूर्ण भरलेली, पाच टोकाला रिकामी, बाकीची कडेच्या ओळीतली जरा विरळ. ज्या दोन दिवशी ३७-३८ होतं तेव्हा बाहेर आलेल्या केसांचेच दाणे गेले असावेत असं वाटतं, कारण रिकामा भाग सगळ्यांच्या टोकालाच आहे.

धाकट्याने एक कच्चंच खाल्लं. सोमण काकांना दोन पाठवायची आहेत, पत्ता विचारपूस पानावर (विपूत) कळवा. आणि यातलंच एखादं कणीस वाळवून पुढच्या वर्षीचं बी धरता येईल का?

प्रयोगशाळेतली_पमा | २९ मार्च, दुपारी २:१५

टोकाच्या केसांचा नंबर सर्वात शेवटी लागतो, तोवर पराग संपलेला असतो. उन्हाने भर घातली असेल. पुढच्या वेळी आणखी दोन दिवस पिशवी झटका.

बी धरू नका. शुगर ७५ संकरित आहे, पुढच्या पिढीत कुठलं झाड उंच, कुठलं बुटकं, तुरे मागेपुढे, आणि चोवीस झाडांत तेच महागात पडतं. माधुरीचं धरता येतं, पण मक्यात थोड्या झाडांवरून बी घेत राहिलं की दोन-तीन पिढ्यांत वाण खंगतं. त्याला शंभरेक झाडं हवीत.

सोमण_काका | २९ मार्च, दुपारी ४:००

पत्ता पाठवला आहे. दोन कशाला, टोकाला रिकामी असलेली पाचही चालतील.

मुलुंडची_माळीण | २९ मार्च, दुपारी ४:१०

ती मुलांनी आधीच संपवली, काका! चवळी पाठवते सोबत. रिकाम्या खोक्यांत आता काय लावू, महिनाभरात गावाला जायचंय?

दादरची_दमयंती | २९ मार्च, संध्याकाळी ६:०५

लाल माठ किंवा तांदुळजा. पंचवीस-तीस दिवसांत काढून चिपळूणला जा. मक्याची ताटं फेकू नका, बोटभर तुकडे करून खोक्यांत वरून पसरा आणि थोडं ताक-शेणाचं पाणी शिंपडा, जूनपर्यंत मुरतील.

अंधेरीचा_अण्णा | २९ मार्च, रात्री १०:३०

जूनमध्ये पुन्हा मका लावणार का? तेव्हाचा वारा आणि पाऊस बघता खोक्यांना आत्तापासून आधार करायला लागेल. मी बांबू बघून ठेवलेत, कोणाला एकत्र मागवायचे असतील तर सांगा.